आयसीयूमध्ये केलेली सही मागे घ्यावी का?

प्रश्न : मराठवाड्यातील एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश देत आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीला न्यूमोनिया झाला, संसर्ग रक्तात पसरला आणि तिला रातोरात मोठ्या शहरातील एका रुग्णालयाच्या बालरोग अतिदक्षता विभागात हलवावे लागले. सलाईन देऊनही रक्तदाब वर येत नव्हता. तेव्हा एका निवासी डॉक्टरांनी त्यांना सांगितले की, अशा मुलांचा रक्तदाब टिकवण्यासाठी ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिन या दोन औषधांपैकी आधी कोणते द्यावे, हे ठरवण्यासाठी तेथे क्लिनिकल ट्रायल सुरू आहे. मुलगी ट्रायलमध्ये आली तर तिला कोणते औषध मिळेल, हे संगणकाने आधीच काढून ठेवलेल्या क्रमानुसार ठरेल. पती कामासाठी परराज्यात होते आणि त्यांचा फोन लागत नव्हता. बाईंनी सही केली. ‘नवे, चांगले औषध मिळेल असे वाटले,’ असे त्या लिहितात आणि पुढच्याच ओळीत म्हणतात, ‘नाही म्हटले तर तिच्याकडे लक्ष कमी देतील, अशी भीतीही वाटली.’ मुलगी वाचली. मूत्रपिंडांवर मात्र परिणाम झाला होता आणि लघवीतून अजूनही थोडी प्रथिने जात असल्याने तपासण्या चालू आहेत. आता ट्रायलच्या सहा महिन्यांच्या तपासणीसाठी रुग्णालयातून फोन आला आहे. तेथे पुन्हा रक्त घेणार आहेत आणि त्याचा काही भाग पुढच्या संशोधनासाठी साठवून ठेवणार आहेत. पती म्हणतात, ‘मला न विचारता तू पोरीला प्रयोगाला दिलीस. चिठ्ठ्या टाकून तिचे औषध ठरवले.’ सासूबाईंच्या मते मूत्रपिंडांचा त्रास त्या ट्रायलमुळेच झाला. सही मागे घ्यावी का, तपासणीला जावे का आणि आपण आई म्हणून चुकलो का, असे या भगिनी विचारतात.

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रात तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत आणि घरातल्या भांडणात ते आणखी घट्ट झाले आहेत. त्या रात्री केलेली सही योग्य होती का, हा एक. मूत्रपिंडांचे दुखणे ट्रायलमुळे आले का, हा दुसरा. आता पुढच्या तपासणीला जायचे का, हा तिसरा. यातल्या एकाचे उत्तर मिळाले म्हणून बाकीच्या दोघांचे मिळत नाही. सही योग्य असूनही तुम्ही आज ट्रायलमधून बाहेर पडू शकता आणि सही घाईत झाली असली तरीही पुढच्या तपासणीला जाणे मुलीच्या हिताचे असू शकते. मी डॉक्टर नाही. एका रुग्णालयाच्या नैतिकता समितीवर, म्हणजे एथिक्स कमिटीवर, सामान्य नागरिक सदस्य म्हणून काही वर्षे काम केले आहे आणि तेथे अशाच ट्रायलची कागदपत्रे वाचली आहेत. तेवढ्याच अधिकाराने लिहीत आहे.

‘प्रयोगाला दिली’ या शब्दांमागे एक गृहीतक दडलेले आहे. ट्रायलमध्ये नसती तर मुलीला सिद्ध झालेले, खात्रीचे औषध मिळाले असते आणि सही केल्यामुळे ते हुकले, असे तुमचे पती धरून चालले आहेत. बहुतेक पालक तसेच धरून चालतात आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण अतिदक्षता विभागातील यंत्रे, नळ्या आणि डॉक्टरांची लगबग पाहून येथे प्रत्येक गोष्ट ठरलेली आणि पारखलेली असणार असेच वाटते. वस्तुस्थिती बरीच वेगळी आहे. मुलांमधील सेप्टिक शॉकवर, म्हणजे संसर्ग रक्तात पसरून रक्तदाब कोसळतो त्या अवस्थेवर, कसे उपचार करावेत यासाठी २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यात ७७ विधाने आहेत आणि त्यांपैकी ठाम म्हणाव्यात अशा शिफारशी फक्त सहा आहेत. १३ प्रश्नांवर तर पुरावा इतका तोकडा निघाला की कोणतीही शिफारस करता आली नाही. ॲड्रिनलिन आधी की नॉरॲड्रिनलिन आधी, हा तुमच्या मुलीच्या ट्रायलचा प्रश्न नेमका अशा अनुत्तरित प्रश्नांपैकी आहे.

तुम्ही सही केली नसती, तर त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरांनी या दोहोंपैकी एक औषध निवडले असते, हे उघड आहे. ती निवड त्यांचे शिक्षण कोठे झाले, त्या विभागाची वहिवाट काय, वरिष्ठांचा कल कोणता, यावर ठरली असती. मुलीच्या लक्षणांकडे पाहूनही ठरली असती, आणि या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे. म्हणजे चिठ्ठी टळली नसती, ती फक्त कोणाला दिसली नसती. दोन्ही औषधे जुनी आहेत, जगभर वापरली जातात, आणि तुम्हाला वाटले तसे त्यात नवे काही नव्हते. हा तुमचा समज त्या रात्रीच दूर व्हायला हवा होता आणि तो करण्याची जबाबदारी समजावून सांगणाऱ्याची होती.

मुलांच्या आयसीयूत पुरावा इतका कमी का, असे तुमचे पती विचारतील. कारणे साधी आहेत. मोठ्यांच्या तुलनेत अत्यवस्थ मुले संख्येने कमी असतात, त्यांचे आजार आणि वये वेगवेगळी असतात, एका रुग्णालयात पुरेशी मुले जमायला वर्षे लागतात आणि निर्णय घेण्यासाठी वेळ असतो तो मिनिटांचा. जुन्या, स्वस्त औषधांची तुलना करण्यात कंपन्यांना रस नसतो. त्यामुळे मोठ्यांवर झालेल्या अभ्यासातून अंदाज बांधायचा आणि वजनाच्या हिशेबाने मात्रा ठरवायची, अशीच प्रथा अनेक ठिकाणी चालत आली.

त्या प्रथेचे काय झाले, याची एक गोष्ट तुमच्या मुलीच्या औषधाशी थेट जोडलेली आहे. अनेक वर्षे मुलांच्या सेप्टिक शॉकमध्ये पहिली पसंती डोपामाइनला होती. ब्राझीलमधील साओ पावलो येथे १२० मुलांवर डोपामाइन आणि ॲड्रिनलिनची तुलना झाली. २०१५ मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा डोपामाइन मिळालेल्यांपैकी सुमारे २१ टक्के मुले दगावल्याचे आणि ॲड्रिनलिनच्या गटात हे प्रमाण ७ टक्के असल्याचे दिसले. पुढच्याच वर्षी चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत ६० मुलांवर केलेल्या तुलनेचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि त्यातही पहिल्या तासात शॉकमधून बाहेर येण्याचे प्रमाण ॲड्रिनलिनच्या बाजूने बरेच अधिक निघाले. अभ्यास लहान होते आणि त्यांवर आक्षेपही घेतले गेले, पण डोपामाइन मागे पडले ते यानंतरच. तुमच्या मुलीसमोर त्या रात्री ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिन हे दोन पर्याय होते आणि डोपामाइन नव्हते, त्याचे कारण या मुलांच्या नोंदींत आहे.

दुसरी गोष्ट अधिक धक्कादायक आहे. शॉकमधील मुलाला शिरेतून भराभर सलाईन द्यायचे, हा उपचार जगभर शिकवला जात होता आणि त्याबद्दल शंका घेणे वेडेपणाचे मानले जाई. केनिया, युगांडा आणि टांझानियातील रुग्णालयांत तीव्र ताप आणि रक्ताभिसरण मंदावलेली ३,१४१ मुले एका ट्रायलमध्ये घेतली गेली. काहींना जलद सलाईन, काहींना जलद अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातील एका प्रथिनाचे द्रावण, आणि काहींना जलद काहीच नाही, केवळ सावकाश चालणारे नेहमीचे द्रव, असे तीन गट होते. जलद द्रव न मिळणाऱ्या गटावर अन्याय होतो आहे, असे तेव्हा अनेकांना वाटले असेल. जानेवारी २०११ मध्ये आकडेवारीवर लक्ष ठेवणाऱ्या स्वतंत्र समितीने ट्रायल मध्येच थांबवायला लावली, आणि कारण नेमके उलटे होते. ४८ तासांतील मृत्यूंचे प्रमाण जलद द्रव मिळालेल्या दोन्ही गटांत साडेदहा टक्क्यांच्या आसपास, आणि न मिळालेल्या गटात ७.३ टक्के होते. त्या रुग्णालयांत व्हेंटिलेटर सहसा नव्हते आणि अनेक मुलांना मलेरिया होता, म्हणून तो निष्कर्ष जसाच्या तसा आपल्याकडच्या सुसज्ज आयसीयूला लावता येत नाही. पण प्रश्न उघडा पडला. त्यानंतर दिल्लीच्या एम्समध्ये ९६ मुलांवर तपासून पाहिले गेले की तेवढेच द्रव पाच-दहा मिनिटांत द्यावे की पंधरा-वीस मिनिटांत. सावकाश दिलेल्या गटात व्हेंटिलेटर लागण्याचे किंवा फुप्फुसांची स्थिती बिघडण्याचे प्रमाण कमी आढळले. तुमच्या मुलीला सलाईन कोणत्या गतीने द्यायचे, याचा विचार करताना तिचे डॉक्टर हे सगळे लक्षात ठेवूनच काम करत असणार.

हे वाचून, म्हणजे ट्रायल ही चांगलीच गोष्ट आहे आणि नवऱ्याचे म्हणणे खोटे, असा निष्कर्ष तुम्ही काढाल, तर तोही मला मान्य नाही. तुमच्या पतींच्या संशयाला इतिहासाचा आधार आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील बडोदा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला आणि २०१० मध्ये तो थांबवावा लागला. वसतिगृहांतल्या आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डन आणि मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या, यावर संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात कडक ताशेरे ओढले. लस वाईट होती असा त्याचा अर्थ नव्हे. पण ज्यांना विचारायला हवे होते त्यांना विचारले गेले नाही, ही गोष्ट लोक विसरलेले नाहीत आणि विसरूही नये.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील आहे आणि ते तुमच्या प्रश्नाच्या अधिक जवळचे आहे. अपुऱ्या दिवसांच्या १,३१६ बाळांवर, रक्तातील ऑक्सिजन किती ठेवावा याची दोन लक्ष्ये तपासली गेली. दोन्ही लक्ष्ये नेहमीच्या उपचारांच्या मर्यादेतलीच होती. कमी ऑक्सिजनच्या गटात डोळ्यांची गंभीर इजा निम्म्याने कमी झाली, पण मृत्यू अधिक झाले, १६.२ टक्क्यांऐवजी १९.९ टक्के. अशी शक्यता संमतीपत्रात पालकांना स्पष्ट सांगितली नव्हती, असा ठपका तेथील सरकारी देखरेख कार्यालयाने २०१३ मध्ये ठेवला आणि त्यावरून डॉक्टरांमध्ये मोठा वाद झाला. ‘दोन्ही उपचार नेहमीचेच आहेत, त्यामुळे वेगळा धोका नाही,’ हे वाक्य म्हणूनच मला नेहमी अपुरे वाटत आले आहे. दोन्ही नेहमीचे असले तरी त्यांतला एक अधिक घातक निघू शकतो. ट्रायल त्याच शंकेपोटी असते. शिवाय मघाशी म्हटल्याप्रमाणे, ट्रायलबाहेरचा डॉक्टर समोरच्या मुलाचे हातपाय गार आहेत की उबदार, हृदय कसे चालले आहे, हे पाहून औषध निवडू शकतो. ट्रायलमध्ये सुरुवातीला तरी ती मोकळीक कमी होते. मुलाची प्रकृती बिघडली तर उपचार बदलण्याची मुभा चांगल्या आराखड्यात असतेच, पण ती होती का, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. ‘ट्रायलमधल्या रुग्णांची काळजी अधिक चांगली घेतली जाते’ असे कोणी सांगितले, तर त्यावरही विसंबू नका. ते सही मिळवण्याचे कारण होऊ नये.

आता त्या सहीकडे येते. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनातील जोखीम अगदी किमान असेल किंवा त्यातून मुलाला थेट लाभाची शक्यता असेल, तर साधारणपणे आई-वडिलांपैकी एकाची संमती पुरेशी मानली जाते. जोखीम त्याहून मोठी असेल किंवा मुलाला काही लाभच नसेल, तर दोघांची घ्यावी लागू शकते. तुम्ही वर्णन केलेल्या ट्रायलमध्ये औषध मुलीचा जीव वाचवण्यासाठीच दिले जात होते, त्यामुळे एकट्या तुमची सही चालणारी होती. फोन न लागणे हा तुमचा अपराध नव्हे. जाता जाता एक विचारावेसे वाटते : त्या रात्री तुमच्या जागी तुमचे पती एकटे असते आणि त्यांनी सही केली असती, तर ‘आईला विचारले का’ असे घरात कोणी म्हटले असते का?

सही कायद्याने पुरेशी होती, पण ती मोकळ्या मनाने दिलेली होती का, हा प्रश्न उरतोच आणि तुम्ही तो प्रामाणिकपणे मांडला आहे. मूल बेशुद्ध असताना, झोप नसताना, कित्येक पानी माहितीपत्रक वाचून समजून घेणे कोणालाही जमणार नाही. ब्रिटनमध्ये यावर वेगळा मार्ग काढला आहे. तेथे २००८ पासून आणीबाणीच्या प्रसंगी, नैतिकता समितीची परवानगी असेल तर, मुलाला आधी ट्रायलमध्ये घेऊन प्रकृती स्थिरावल्यावर पालकांची संमती मागता येते. पालकांनी नकार दिला तर मूल ट्रायलमधून बाहेर पडते. आयसीयूतील मुलांना ऑक्सिजन किती द्यावा, याची २०२३ मध्ये निष्कर्ष आलेली तेथील मोठी ट्रायल याच पद्धतीने १५ विभागांत, २,०४० मुलांवर झाली. रक्तातील ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान ठेवलेल्या मुलांची स्थिती, ९४ च्या वर ठेवलेल्यांपेक्षा किंचित बरी आढळली. त्या क्षणी आई-बापाला ‘तुमच्या लेकराला ऑक्सिजन थोडा कमी ठेवू का’ असे विचारले असते, तर किती जणांनी हो म्हटले असते, याचा विचार करून पाहा. आपल्याकडे मात्र पालकांची लेखी संमती आधी घेणे हाच सर्वसाधारण नियम आहे. आपल्या व्यवस्थेत पालकाला न विचारता काही झाले की काय होते, हे वर सांगितले आहेच. म्हणून घाईची असली तरी आधी घेतलेली संमती मला आपल्याकडे अधिक सुरक्षित वाटते. मात्र ती घेतल्यावर, दोन-तीन दिवसांनी मूल सावरू लागले की डॉक्टरांनी पालकांसोबत पुन्हा बसावे, सगळे नव्याने सांगावे आणि ‘अजून तयार आहात ना?’ असे विचारावे. तुमच्या पत्रात असे कोणी विचारल्याचा उल्लेख नाही. ती उणीव त्यांची आहे.

नाही म्हटले तर दुर्लक्ष होईल, ही तुम्हाला वाटलेली भीती मला सर्वांत गंभीर वाटते. नकार दिल्याने उपचारांत काहीही फरक पडणार नाही, हे वाक्य प्रत्येक माहितीपत्रकात असावेच लागते. ते छापलेले असूनही तुम्हाला तसे वाटले नाही, म्हणजे ते उपचार करणाऱ्याच डॉक्टरांनी, तेही घाईत, सांगितले असावे. संमती मागणारी व्यक्ती उपचार करणाऱ्यांपैकी नसावी, असे माझे मत आहे. रात्रीच्या ड्यूटीवर ते नेहमी शक्य होत नाही, हेही खरे. तुम्ही हे त्या रुग्णालयाच्या नैतिकता समितीला चार ओळींत अवश्य कळवा. तक्रार म्हणून नको असेल, तर अनुभव म्हणून कळवा. अशा समितीत किमान सात सदस्य असतात, त्यात सामान्य नागरिक, कायद्याचा जाणकार आणि स्त्री सदस्य असणे नवी औषधे आणि क्लिनिकल ट्रायल्सविषयीच्या २०१९ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे आणि निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे असावे लागतात. आमच्या समितीत पालकाचे असे पत्र आले असते, तर पुढच्या प्रत्येक ट्रायलचे संमतीपत्र आम्ही वेगळ्या नजरेने वाचले असते.

मूत्रपिंडांविषयी मला सावधपणेच लिहिले पाहिजे. सेप्टिक शॉकमध्ये रक्तदाब पडला की मूत्रपिंडांना रक्त कमी पोहोचते आणि त्यांना इजा होते. ट्रायलशी काहीही संबंध नसलेल्या मुलांमध्येही हे वारंवार दिसते. काही प्रतिजैविकांचाही त्यात वाटा असू शकतो. त्यामुळे सासूबाईंचे अनुमान बरोबर असण्याची शक्यता मला कमी वाटते, पण ते तपासण्याची रीत आहे आणि ती अनुमानावर सोडू नये. प्रमुख संशोधकांना लेखी विचारा : मुलीच्या मूत्रपिंडांच्या इजेची ट्रायलमध्ये गंभीर प्रतिकूल घटना म्हणून नोंद झाली का, ती नैतिकता समितीला कळवली का आणि कारणाबद्दल काय निष्कर्ष निघाला? नव्या औषधांच्या ट्रायलमध्ये अशी घटना चोवीस तासांच्या आत कळवावी लागते. इजा ट्रायलमुळे झाल्याचे ठरले, तर उपचार मोफत आणि वर भरपाई, असा कायदा आहे. जुन्या औषधांची तुलना करणाऱ्या शैक्षणिक ट्रायलमध्ये, म्हणजे बऱ्याचदा निवासी डॉक्टरांच्या प्रबंधासाठी होणाऱ्या अभ्यासात, अशी तरतूद संस्थेने करून ठेवावी, अशी आयसीएमआरची अपेक्षा आहे. ती येथे आहे का, हेही त्याच पत्रात विचारा. मुलीला कोणते औषध मिळाले, हेही विचारा. ट्रायलमध्ये ते डॉक्टरांपासूनही गुप्त ठेवलेले असेल, तर ट्रायल संपेपर्यंत सांगणार नाहीत. तसे नसेल, तर ते केस पेपरवर लिहिलेलेच असेल.

यासाठी तुमच्या हाती दोन कागद हवेत, माहितीपत्रक आणि तुमच्या सहीच्या संमतीपत्राची प्रत. ती प्रत देणे त्यांचे काम होते. गर्दीत हरवली असेल तर पुन्हा मागा. त्यावर प्रमुख संशोधक आणि नैतिकता समिती या दोघांचेही फोन असतात आणि सीटीआरआयचा, म्हणजे देशातील क्लिनिकल ट्रायल्सच्या नोंदवहीचा, क्रमांकही बहुधा असतो. २००९ पासून अशी नोंदणी सक्तीची आहे आणि ती संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. ट्रायलचा खर्च कोण करते, किती मुले घेणार, काय मोजणार, हे सगळे तेथे असते. ‘डॉक्टरांना यात पैसे मिळत असणार’ असे तुमचे पती म्हणत असतील, तर त्यांनाच हे शोधायला बसवा. घरात आवाज चढवण्यापेक्षा ते उपयोगाचे आहे.

राहिला तपासणीचा प्रश्न. तुम्ही कोणत्याही दिवशी, कोणतेही कारण न देता ट्रायलमधून बाहेर पडू शकता आणि त्यामुळे मुलीच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये. पण बाहेर पडल्याने जे होऊन गेले ते बदलत नाही. औषध देऊन झाले आहे, उरले आहे ते मोजमाप. नवऱ्याचा राग शमवण्यासाठी म्हणून बाहेर पडू नका, आणि डॉक्टरांचे उपकार फेडण्यासाठी म्हणून जाऊही नका. मुलीच्या मूत्रपिंडांची तपासणी तशीही व्हायला हवी. ट्रायलच्या भेटीत त्याच तपासण्या होणार असतील, निकाल तुमच्या हाती मिळणार असतील आणि प्रवासखर्च ते देणार असतील, तर जाण्यात तुमचा फायदा आहे. ट्रायलसाठीच्या तपासणीचे पैसे तुमच्याकडून घेता येत नाहीत. हे सगळे आधी फोनवर स्पष्ट करून घ्या.

साठवून ठेवण्याच्या रक्ताबद्दल वेगळा निर्णय घेता येतो. तपासणीला हो आणि साठवणुकीला नाही, असे म्हणता येते, आणि आधी घेतलेला नमुना नष्ट करा असेही सांगता येते. नमुन्यावरची ओळख कायमची पुसली गेली असेल, तरच ते शक्य होत नाही. कशासाठी साठवणार, किती वर्षे आणि दुसऱ्या संस्थेला देणार का, हे विचारून मग ठरवा.

आणि तुमच्या मुलीला विचारा. तुमच्या लांबलचक पत्रात ती काय म्हणते, याबद्दल एकही ओळ नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलांची तोंडी सहमती घ्यावी, असे आयसीएमआर सांगते. त्या रात्री ती बेशुद्ध होती म्हणून तिला विचारण्याचा प्रश्न नव्हता. आता ती शाळेत जाते, बोलते, सुईला घाबरते. तू खूप आजारी होतीस तेव्हा दोन औषधांपैकी कोणते चांगले हे डॉक्टर शोधत होते, त्यात तूही होतीस आणि आता ते तुला पुन्हा तपासू इच्छितात, एवढे आठ वर्षांच्या मुलीला नीट कळते. आजारपणासाठी आवश्यक असलेली तपासणी तिला नको म्हणून टाळता येणार नाही, पण केवळ संशोधनासाठी घ्यायच्या जास्तीच्या रक्ताला ती नाही म्हणाली, तर ते नाही मान्य करा आणि डॉक्टरांनाही मान्य करायला लावा.

पतींना या भेटीला बरोबर न्या. तुम्ही एकटीने त्यांना हे सारे पटवत बसू नका. ज्यांनी सही मागितली त्यांनीच त्यांच्यासमोर उत्तरे द्यावीत. प्रमुख संशोधकांकडे अर्ध्या तासाची वेळ आधी मागून ठेवा आणि तपासणीच्या रांगेत उभ्या उभ्या बोलणे नको, असे स्पष्ट सांगा.

ज्या वाचकांचे मूल आज, या क्षणी आयसीयूत आहे आणि ज्यांच्या हातात असा कागद आला आहे, त्यांच्यासाठी थोडे. चार गोष्टी विचारा : ट्रायलमध्ये नसते तर याला काय दिले असते, दोन्ही उपचार आत्ताही वापरात आहेत की एखादा नवा आहे, प्रकृती बिघडली तर डॉक्टर उपचार बदलू शकतात का, आणि निर्णयासाठी किती वेळ आहे. औषध पूर्णपणे नवे असेल, तर संमतीचे चित्रीकरण करावे लागते, त्याला बिचकू नका, ते तुमच्याच संरक्षणासाठी आहे. वाचता येण्याच्या स्थितीत नसाल, तर नातेवाइकाला मोठ्याने वाचायला सांगा. वाचता येतच नसेल, तर त्रयस्थ साक्षीदार मागा, तो नियम आहे. काहीच सुचत नसेल, तर नाही म्हणा. नेहमीचे उपचार चालू राहतील. आणि हो म्हटले असेल, तर कागदाचा फोटो लगेच फोनमध्ये काढून ठेवा, कारण आयसीयूबाहेरच्या पिशव्यांत असे कागद हमखास हरवतात.